पितळ उघडे पडले

मी मराठीचा प्राध्यापक आहे. आजवर माझ्या हातून खडूशिवाय दुसरी कोणतीही वस्तू मोडलेली नाही, आणि दुरुस्त तर एकही झालेली नाही. घरातला फ्यूज उडाला तर तो बसविण्यासाठी शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. असा मी गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत टेक्सासमधल्या एका मोटारीच्या गॅरेजात बसून रायफलीची काडतुसे भरावयास शिकलो, असे सांगितले तर आमच्या शिरगावात कोणाचा विश्वास बसणार नाही. कॉलेजात तर नाहीच नाही. आमच्या विभागातल्या एका बाईंनी हे ऐकून इतकेच विचारले, "रिकामी काडतुसंही तुम्हीच व्हायची होती का, सर?"

त्याचे असे झाले. आमच्या ताईचा मुलगा गेली कित्येक वर्षे अमेरिकेत आहे. संगणकावरची नोकरी, तिथेच जन्मलेली मराठी बायको, ग्रीन कार्ड, मागे अंगण, पुढे हिरवळ, असे सर्व यथासांग आहे. सुट्टीत मी त्याच्याकडे महिनाभर राहावयास गेलो. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, चल, तुला माझी कार्यशाळा दाखवतो." मला वाटले, सुतारकाम असेल. गॅरेजच्या कोपऱ्यात एक भक्कम टेबल, त्यावर उसाच्या चरकाची आठवण करून देणारे एक तरफेचे यंत्र, सोनाराकडे असावा तसा नाजूक काटा, आणि एका डब्यात झळझळणाऱ्या पितळी पुंगळ्या. भाचा रविवारी क्लबात जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरतो आणि त्यासाठी लागणारी काडतुसे घरीच भरतो. तिथे स्वतःच्या वापरापुरती भरण्यास मुभा आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेदेखील 'दारूगोळा' या शब्दातच मोडतात. तेव्हा ते टेबल जसेच्या तसे उचलून कोणी शिरगावात मांडले, तर मांडणारा त्याच रात्री पोलीस ठाण्यात दिसेल.

"विकत मिळत नाहीत का?" मी मध्यमवर्गीय प्रश्न विचारला.

"मिळतात. पण घरी भरलेली स्वस्त पडतात. आणि हिशेबाने भरली की नेम एकसारखा लागतो."

यावर स्वयंपाकघरातून भाचेसून म्हणाली, "मामा, स्वस्त पडतात म्हणून हा दुप्पट उडवतो. पाच वर्षांत एक डॉलर वाचलेला मी पाहिला नाही." घरी लोणचे घातले की स्वस्त पडते म्हणून दुप्पट खाणारी माणसे आमच्याही घरात आहेत, त्यामुळे मी गप्प बसलो.

पण गप्प बसण्याचे खरे कारण निराळेच होते. त्या डब्यातल्या पितळेचा वास मला ओळखीचा वाटला होता.

आमचे वडील, अण्णा, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. पितळेच्या विभागात. याहून अधिक मला काही ठाऊक नव्हते, आणि ही गोष्ट मी आज थोड्या शरमेने लिहीत आहे. बदलापूरहून अंबरनाथ म्हणजे लोकलने एका स्टेशनाचा प्रवास. तेवढ्या प्रवासासाठी अण्णा पहाटे साडेपाचला उठत, डबा घेत, कुलूप दोनदा ओढून पाहत आणि जात. अंबरनाथला त्या काळी एकीकडे विम्कोची काड्यापेट्यांची फॅक्टरी आणि दुसरीकडे ऑर्डनन्स. म्हणजे आग लावण्याची दोन्ही साधने एकाच गावात, आणि मध्ये साडेनऊशे वर्षांचे शिवमंदिर शांत उभे. आज विम्को केवळ नाक्याच्या नावात उरली आहे. ऑर्डनन्स आहे, पण २०२१च्या ऑक्टोबरपासून तिची मालकी 'यंत्र इंडिया' नावाच्या सरकारी कंपनीकडे गेली आहे. अण्णांना हे नाव आवडले असते की नाही, सांगता येत नाही. ते २०१४ सालीच गेले.

अण्णा कारखान्याविषयी घरात एक अक्षर बोलत नसत. "कारखान्यातलं कारखान्यात," एवढेच त्यांचे सूत्र. इतर मुलांचे वडील साहेबाच्या नकला करीत, ओव्हरटाइमचे पैसे मोजीत. आमचे अण्णा घरी आले की चिंचेने हात धूत, चहा घेत आणि वर्तमानपत्रात तोंड घालीत. त्यांच्या चमत्कारिक नियमांनी मात्र घर भरलेले होते. शंका आली की परत फिरायचे, मग गाडी चुकली तरी बेहत्तर. काम चालू असलेल्या माणसाशी बोलायचे नाही. आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे, पितळेची समई, घागर, तपेली, यांपैकी एकही वस्तू घराच्या मागच्या बाजूला ठेवायची नाही. मागे शेजाऱ्यांचा म्हशींचा गोठा होता. आई म्हणे, "सोवळं आहे हो त्यांचं!" शेजारीपाजारीही अण्णांना मोठे कर्मठ समजत. हा कर्मठपणा नेमका पितळेपुरताच का, आणि स्टीलचे पिंप बिनदिक्कत गोठ्याकडे कसे राहते, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नाही.

आता गॅरेजात परत जाऊ. भाच्याने मला शिष्य करून घेतले. पहिले दोन दिवस त्याने मला दारूच्या डब्याला हात लावू दिला नाही. फक्त पुंगळ्या. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार, हे मला त्या दिवशी कळले. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. मागे राहते ती पुंगळी, आणि चौघांत महाग तीच. म्हणून ती पुन्हा भरायची. प्रत्येक काडतुसाला मात्र हे भाग्य नाही. मी मोठ्या अभिमानाने आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळ्यांचे नाव काढले. त्यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले होते. भाचा म्हणाला, "मामा, ती बावीसची काडतुसं. त्यांची ठिणगीची दारू बुडाच्या कडेतच भरलेली असते. एकदा कड चेपली की संपलं. ती कोणी पुन्हा भरत नाही."

पुंगळ्या आधी यंत्रात घालून अक्रोडाच्या टरफलांच्या भरड्याबरोबर घुसळायच्या. रात्रभर पिठाच्या गिरणीसारखा आवाज. सकाळी त्या नव्या नवरीसारख्या लखलखतात. मग एकेक हातात घेऊन पाहायची. तोंडाला चीर आहे का, बुडाच्या थोडे वर पातळ चकाकती रेघ उमटली आहे का. रेघ दिसली तर समजावे की पितळ आतून झिजले आहे, आणि कधीतरी बाराच्या वेळी तिथूनच दोन तुकडे होतील. वाकवलेल्या तारेचे टोक आत घालून तो खाच चाचपून पाही. जरा संशय आला की पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात. मी एक चेपू देईना. मला ती चांगली वाटत होती. "वाटणं इथे चालत नाही, मामा," तो म्हणाला. मराठीच्या प्राध्यापकाला हे ऐकणे जड जाते. आमचा सारा धंदाच वाटण्यावर चालतो.

नंतर तेलाचा अगदी पुसटसा हात द्यायचा आणि तरफेखाली पोलादी साच्यात पुंगळी दाबायची. बाराच्या वेळी पितळ फुगते आणि नळीला घट्ट चिकटून बसते, म्हणून मागे धूर येत नाही. दाब सरला की ते अंग चोरून घेते, म्हणून पुंगळी बाहेर निघते. फुगावे तर किती आणि आवरावे तर किती, हे इतके नेमके दुसऱ्या स्वस्त धातूला साधत नाही. सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त, हे त्याचे प्रमाण. तरीही पुंगळी किंचित फुगीर राहतेच, ती साच्यात पुन्हा मापात येते आणि जुनी टोपी टक् करून खाली पडते. मी तेलाचा हात द्यावयास विसरलो आणि माझी पहिलीच पुंगळी साच्यात अशी अडकली, की ती काढण्यात भाच्याची रात्र गेली. तो रागावला नाही. "प्रत्येकाची पहिली अडकते," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी माझ्यातला गृहस्थ जागा झाला. आपल्या घरी पितळेची भांडी ज्या परदेशी पॉलिशने झकपक होतात, त्याची बाटली मला तिथल्या मांडणीवर दिसली. मी ती उचलली. "अंहं!" भाचा जवळजवळ ओरडला. "ते भाचेसुनेचं. त्यात अमोनिया असतो. पितळेला अमोनिया लावायचा नाही. वरून काही दिसत नाही, आणि आतून तडे जातात."

मी बाटली खाली ठेवली. आणि तिथेच, परक्या देशातल्या गॅरेजात, माझ्या डोळ्यांसमोर शिरगावचा म्हशींचा गोठा उभा राहिला.

पुढची हकीगत भाच्याने सांगितली, आणि नंतर मी ती पुस्तकात ताडून पाहिली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यात ठेवीत. पावसाळा सरता सरता पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले आढळत. कोणी हात लावलेला नाही, कोणी आपटलेल्या नाहीत. सुकत ठेवलेल्या लाकडाला चिरा पडतात तशा या पुंगळ्यांना पडत. कारण पुढे १९२१ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी सांगितले. थंड असताना ठोकून ओढून घडविलेल्या पितळेच्या अंगात ताण राहून जातो, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या जागी घुसतो. घडविल्यावर पितळ मंद आचेवर शेकून घेतले की ताण उतरतो आणि तडे टळतात. आमच्या अण्णांचे सोवळे ते हेच! गोठा, दमट हवा, ओढून घडविलेली घागर. ज्या माणसाला आम्ही वीस वर्षे कर्मठ समजलो, तो बिचारा धातुशास्त्र पाळीत होता.

"हे तुला कुठल्या पुस्तकात मिळालं?" मी विचारले.

"पुस्तकात नंतर. आधी आजोबांनी सांगितलं."

मी काहीच बोललो नाही. त्या दिवशीचे काम तिथेच थांबले.

चौथ्या दिवशी दारूचा डबा टेबलावर आला. एकच. दुसऱ्या जातीची दारू त्या वेळी खोलीतदेखील नको, असा दंडक. कोणत्या गोळीमागे किती दारू हे छापील पुस्तकात पाहायचे, त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून आरंभ करायचा, आणि आपल्या अकलेने त्यात फरक करायचा नाही. हे वजन ग्रेनात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपली गुंजदेखील बीच. १८३३ साली इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनांचा ठरविला. तोळ्याच्या गुंजा शहाण्णव, तेव्हा गुंज दोन ग्रेनांहून थोडी कमी भरते. भाच्याचा काटा ग्रेनाचा दहावा भाग दाखवी, म्हणजे गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा. सोनारानेही हात टेकावेत असे ते तोलणे होते.

लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या ओळीने उभ्या, टोप्या बसविलेल्या, तोंडे वर. भाच्याने डोळ्यांवर चष्मा चढविला, फोन बाहेर ठेवला आणि म्हणाला, "आता बोलायचं नाही हं, मामा." तो एकेक माप तोली आणि नरसाळ्याने पुंगळीत सोडी. मी शेजारी बसलो होतो. दहा झाल्या, वीस झाल्या. आणि माझ्यातला भाषेचा किडा वळवळू लागला. 'दारू' हा शब्द पाहा. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. औषधाची पूड ती दारू, मग स्फोटाची पूडही दारूच, आणि पुढे पेल्यातली दारू. जीव वाचविणारी, जीव घेणारी आणि जीव रमविणारी अशा तिघींना एकच नाव! आणि 'काडतूस' तर थेट पोर्तुगिजांनी दिलेले, त्यांच्या 'कार्तूश'वरून. हे सर्व मी मनात म्हणत होतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी ते मोठ्याने म्हणत होतो.

भाच्याचा हात हवेत थांबला. त्याने ठोकळ्याकडे पाहिले, मापाकडे पाहिले, पुन्हा ठोकळ्याकडे पाहिले. एकविसाव्या पुंगळीत माप पडले की नव्हते? दोनदा पडले असेल तर? बॅटरीचा झोत टाकला असता तर दिसले असते, असे मला वाटते. त्याने झोत टाकला नाही. एक अक्षर न बोलता त्याने ठोकळा उचलला आणि एकवीसच्या एकवीस पुंगळ्या डब्यात रित्या केल्या. मग पहिल्यापासून सुरुवात.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं नाही रे. शंका आली की ओतायचं. आजोबांचा नियम."

"हे तुला अण्णा कधी बोलले?"

"सुट्टीत शिरगावला यायचो ना. ते रिटायर झाले होते तेव्हा. आजी पुऱ्या लाटत असायची, तेव्हा त्यांनी मला पुंगळी कशी करतात ते दाखवलं होतं. पुरीची चकती घ्यायची, अंगठ्यावर दाबायची की वाटी होते. वाटी आणखी लांब ओढायची की नळी होते. एकदम ओढली तर फाटते. म्हणून थोडी ओढायची, शेकायची, पुन्हा ओढायची. चार पुऱ्या फाडल्या आम्ही. आजी ओरडली होती."

मी त्या घरात राहत होतो. त्या पुऱ्या मी खाल्ल्या असतील. "मला त्यांनी कधी काही सांगितलं नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच तक्रारीचा वाटला.

भाचा काट्याची सुई शून्यावर आणीत होता. मान वर न करता तो म्हणाला, "तू कधी विचारलंस का, मामा?"

वाचकांना वाटेल, विचारण्यासारखे काय अवघड होते. त्याला दोन कारणे होती. मी दहा वर्षांचा असताना दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आळीतली सर्व पोरे करतात तेच करीत होतो. न उडालेले फटाके गोळा करायचे, सोलायचे, कागदावर दारू झाडायची. बाकीची पोरे ती कागदावरच पेटवीत. मी मात्र बुद्धिमान! मी जळून गेलेल्या भुईनळ्याची मातीची पणती घेतली आणि तिच्यात ती दारू खिळ्याने ठासू लागलो. वर दगडाने ठोका. म्हणजे पुन्हा भरण्याची ही विद्या मी टेक्सासच्या कितीतरी आधी शिरगावात आरंभिली होती. अण्णा पहिल्या पाळीहून येत होते. त्यांनी लांबून पाहिले. ते धावले नाहीत, ओरडले नाहीत. सावकाश जवळ आले, माझ्या हातातला दगड काढून घेतला, मग खिळा, मग भुईनळा अलगद बाजूला ठेवून त्यावर बादलीभर पाणी ओतले. आणि मग आयुष्यात दिली ती एकच थप्पड दिली. त्यांचा हात कापत होता, हे मला आज आठवते. तेव्हा फक्त गाल आठवत होता. त्यानंतर आमच्या घरात फुलबाजीपलीकडे काही आले नाही, आणि अण्णा हे दिवाळीचे वैरी आहेत अशी माझी पक्की खात्री झाली.

दुसरे कारण अधिक वाईट. १९९८च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्या पावसाळ्यात कॉलेजच्या वक्तृत्वस्पर्धेत मी शस्त्रांविरुद्ध बोललो. अठराव्या वर्षी माणूस बोलतो तसाच बोललो. दोन वेळच्या भाकरीसाठी मृत्यू घडविणाऱ्या हातांविषयी एक वाक्य त्यात होते. ते टाळ्यांचे वाक्य होते आणि टाळ्या पडल्यादेखील. अण्णा रजा टाकून आले होते. मागच्या रांगेत, भिंतीशी, डबा मांडीवर घेऊन बसले होते. परतताना लोकलमध्ये ते इतकेच म्हणाले, "उच्चार चांगले होते." त्याच हातांच्या पगारावर माझी एम.ए.ची फी भरली गेली.

शस्त्रांविषयीचे माझे मत फारसे बदललेले नाही. भाच्याच्या छंदाचेही मला कौतुक आहे असे नाही. त्या देशात बंदुका जरा फारच झाल्या आहेत आणि त्याचे परिणाम आपण वर्तमानपत्रात वाचतो. कोकणात माझ्या मामांकडे ठासणीची बंदूक होती, पण ती रानडुकरे हाकण्यापुरती, आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा. एवढीच बंदूक मला समजते. पण ते वाक्य मी पुन्हा म्हणणार नाही.

आमच्या आईला मी दर रविवारी फोन करीत असे. त्या रविवारी उत्साहाच्या भरात म्हणालो, "आई, आज दारूचं माप मी स्वतः घेतलं. एक थेंब... म्हणजे एक कण इकडचा तिकडे झाला नाही." पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "परदेशात जाऊन हेच शिकलास? आणि ते पोर पाजतंय तुला?" पुढची दहा मिनिटे 'दवादारू'ची व्युत्पत्ती सांगण्यात गेली. तिला ती पटली असे वाटत नाही.

निघताना मी भरलेल्या दहा काडतुसांची पेटी भाच्याने वेगळी ठेवली. तीवर तारीख, दारूचे वजन आणि 'मामा' असे लिहिले. ती त्याने क्लबात उडविली आणि लक्ष्याचा कागद मला पाठविला. भोके एका वाटीत मावतील इतकी जवळ होती. मला एक रिकामी पुंगळी आठवण म्हणून हवी होती. "चुकूनही नेऊ नकोस," तो म्हणाला. "रिकामी असली तरी मुंबईच्या विमानतळावर अडकशील." पन्नाशीकडे झुकलेला मराठीचा प्राध्यापक पुंगळीसह जेरबंद, ही बातमी आमच्या विभागातल्या बाईंनी फ्रेम करून लावली असती. मी पुंगळी जागेवर ठेवली. हाताला वास राहिला होता, तो विमानात जेवणाआधी धुतला गेला.

घरी आल्यावर दिवाळीच्या आधी आई चिंच लावून समई घासत बसली होती. मी तिला तबेल्यातल्या काडतुसांची, अमोनियाची, ताणाची, सगळी गोष्ट सांगितली. सोवळ्याचा उलगडा केला. तिने ऐकून घेतले. "त्यांच्या हाताला कसला वास यायचा ते आत्ता कळलं म्हण की तुला," ती म्हणाली. "मला लग्नानंतर आठच दिवसांत कळलं होतं. चिंच मीच द्यायची त्यांना हात धुवायला."

आमच्यामागचा गोठा जाऊन वीस वर्षे झाली. तिथे आता सात मजल्यांची इमारत आहे, आणि तिच्या वाहनतळात कोणाचीही म्हैस नाही.

"मग आता समई मागच्या खोलीत ठेवायला हरकत नाही," मी म्हणालो. "इथे अडचण होते."

"ठेव की," आई म्हणाली, आणि समई कोरडी पुसून पुढच्या खोलीत, अण्णांच्या खुर्चीशेजारी, होती तिथेच नेऊन ठेवली.